एआय: आपण इतके निर्धास्त, ते इतके धास्तावलेले, असं का?

कालव्याकाठी | मंगळवार, १८/११/२०२५, २१:४०

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

महिन्याभरात दोन प्रसंग घडले. पहिला नाशिकचा. दिवाळीला माहेरी होते, मामाची एकसष्टी होती. निमंत्रणावरची कविता चॅटजीपीटीची. मावशीने स्वतःचा फोटो टाकून शिफॉनच्या साडीतली, वाऱ्यावर पदर उडणारी मावशी करून घेतलेली. मामा-मामींच्या लग्नातले कृष्णधवल फोटो कुठल्याशा ॲपने रंगवून हलते केलेले. त्यात मामी मान वळवून हसतात. (खऱ्या मामी लग्नात हसल्याच नव्हत्या, अंगात ताप होता. त्यांनीच सांगितलं, आणि तरी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला.) शंभरेक माणसं होती. हे फोटो जातात कुठे, असं एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

दुसरा प्रसंग नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा, जिथे मी अकरा वर्षं राहते. मुलीच्या शाळेत पालकसभा होती. विषय एकच: प्रगतिपुस्तकातले शेरे लिहायला शिक्षकांनी जनरेटिव्ह एआय वापरलं तर चालेल का? पाऊण तासाची सभा सव्वादोन तास चालली. डच माणूस जेवणाची वेळ चुकवून भांडत बसलाय हे मी पहिल्यांदा पाहिलं. मध्येच एका आईने 'तूस्लाखन' एवढा एकच शब्द उच्चारला आणि सगळे गप्प झाले.

तूस्लाख म्हणजे सरकारी भत्ता. पाळणाघराच्या खर्चासाठी मिळणाऱ्या भत्त्यात लबाडी कोण करतंय हे हुडकायला इथल्या करखात्याने संगणकी पद्धत वापरली होती. डच नागरिकत्व नसलं की संशयाचे गुण वाढायचे. हजारो कुटुंबांवर खोटा ठपका आला, वर्षानुवर्षांचा भत्ता परत मागितला, घरं मोडली. त्यावरून १५ जानेवारी २०२१ ला तेव्हाचे पंतप्रधान रुटे यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्यात चॅटजीपीटी नव्हतं, ते तेव्हा आलंच नव्हतं. पण 'मशीनने ठरवलं' म्हटलं की इथल्या माणसाला तेच आठवतं.

आता आकडे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२५ च्या एआय इंडेक्स अहवालात इप्सॉस या जनमत पाहणाऱ्या कंपनीची पाहणी आहे. एआयच्या वस्तू-सेवांचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त, असं म्हणणारे चीनमध्ये ८३ टक्के, इंडोनेशियात ८०, थायलंडमध्ये ७७. आणि कॅनडात ४०, अमेरिकेत ३९, नेदरलँड्समध्ये ३६. जिथे हे बनतं आणि जिथे पैसा आहे, तिथेच लोक साशंक. हे उलटं नाही का वाटत? तुमच्याकडे काय दिसतं ते लिहा.

पाणचट | १८/११/२०२५, २१:४४

पहिला! हा प्रतिसाद स्वतः टायपलाय, मशीनने नाही. शुध्दलेखनाच्या चूका पूरावा म्हणून तश्याच ठेवल्या आहेत.

तिरकस | १८/११/२०२५, २२:१५

परदेशात राहून 'तुम्हाला भीती का वाटत नाही' विचारणं सोपं असतं. आमच्याकडे रोज सकाळी नळाला पाणी येईल का याची भीती वाटते, तिच्यातून सवड मिळाली की एआयला घाबरू. चालू द्या.

मध्यमान | १८/११/२०२५, २३:०२

धागा चांगला आहे, पण आकड्यांवर इमला बांधण्याआधी पाया बघून घेऊ. पंधरा वर्षं सर्वेक्षणात काढली आहेत, त्यामुळे सवय.

इप्सॉसची ही पाहणी बहुतेक देशांत ऑनलाइन होते. चीन, इंडोनेशिया, थायलंड, भारत अशा देशांत हाती लागणारा माणूस शहरातला, शिकलेला आणि बऱ्या कमाईचा असतो. हे ते स्वतःच अहवालाच्या शेवटी बारीक टायपात छापतात. म्हणजे नेदरलँड्सची सरासरी आणि इंडोनेशियाचा वरचा थर यांची तुलना चालली आहे. आमच्याकडे याला 'मॉलच्या दारात उभं राहून दुष्काळाची पाहणी' म्हणतात.

दुसरी पाहणी प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेची, २०२५ ची, २५ देशांतली. तिथे प्रश्न वेगळा: उत्साह जास्त वाटतो, काळजी जास्त वाटते, की दोन्ही सारखंच? काळजी जास्त म्हणणारे अमेरिकेत ५० टक्के, इटलीत ५०, दक्षिण कोरियात फक्त १६. पण त्याच पाहणीत आधी विचारलंय की एआयबद्दल किती ऐकलंय. 'बरंच' म्हणणारे जपान, जर्मनी, फ्रान्स, अमेरिकेत निम्म्याच्या आसपास. भारतात १४ टक्के, केनियात १२. ताई, तुमच्या एकसष्टीला आलेली शंभर माणसं त्या १४ टक्क्यांतली बरीच असतील. बाकीचे निर्धास्त नाहीत, त्यांच्यापर्यंत हा प्रश्नच पोचलेला नाही.

आणि एक अनुभवाची गोष्ट. आपल्याकडे घरी येऊन, चहा पिऊन, फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीला लोक सहसा 'हो, चांगलंच आहे की' म्हणतात. तिला वाईट वाटू नये म्हणून. हे कुठल्या सूत्रात बसवायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

पाणचट | १८/११/२०२५, २३:१०

मध्यमानभाऊ, दंडवत. वाचनखूण साठवली आहे. वाचणार कधी ते विचारू नका.

खडूस आजोबा | बुधवार, १९/११/२०२५, ०६:२०

भारतीय माणूस यंत्राला घाबरत नाही हे कोणी सांगितलं? मी सांगलीत बँकेत छत्तीस वर्षं काढली. कॉम्प्युटर या शब्दावर मोर्चे निघालेले पाहिलेत, दंडावर काळ्या फिती लावून काम केलंय. १९८३ साली इंडियन बँक्स असोसिएशनचा युनियनांशी करार झाला तेव्हा कुठे यंत्रं शाखेत शिरली, आणि तीही किती, कुठे, कशासाठी ते लिहून घेऊन. नंतर बँकांच्या संगणकीकरणावरची रंगराजन समिती वगैरे.

आमच्या शाखेत एएलपीएम आलं, म्हणजे लेजर पोस्टिंगचं यंत्र. त्याच्यासाठी वेगळी खोली, त्या खोलीला एसी. शाखेतला पहिला एसी यंत्राला मिळाला, मॅनेजरला नाही. चपला बाहेर काढून आत जायचं, देवघरात जातात तसं. चालवणाऱ्याला जादा भत्ता. पहिल्या महिन्यात आमचे हेडक्लार्क यंत्राचं बॅलन्सिंग झालं की पुन्हा हाताने बेरीज मारून बघायचे. एकदा चौदा पैशांचा फरक निघाला. यंत्र बरोबर होतं, हेडक्लार्क चुकले होते. ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

नोकरी त्या वेळी कोणाचीच गेली नाही. मात्र पुढे क्लार्कची भरती आटली, आणि २०००-०१ च्या व्हीआरएसमध्ये सरकारी बँकांतून सुमारे लाखभर माणसं बाहेर पडली. म्हणजे भीती खोटी नव्हती. ती वीस वर्षांनी खरी झाली, एवढंच. तेव्हा भीती बोलून दाखवायला युनियन होती, करारावर सही करायला समोर माणूस होता. आज माझा नातू हिंजवडीत आहे. त्याला विचारलं, तुमची युनियन कुठली? तो हसायला लागला.

शब्दवेल्हाळ | १९/११/२०२५, ११:३५

आजोबा, अगदी पोटातलं बोललात. मी भाषांतरकार आहे, पुण्यात, घरून काम करते. इंग्रजीतून मराठी: औषधांची माहितीपत्रकं, विम्याचे फॉर्म, ॲपमधली बटणं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत शब्दामागे दीड रुपया मिळायचा. आता एका एजन्सीकडून (नाव घेत नाही, पोट आहे) फाइल येते ती आधीच मराठीत असते. 'मशीनचं आहे, तुम्ही फक्त नजर टाका.' दर चाळीस पैसे.

ही 'नजर' कशी असते ते सांगते. गेल्या आठवड्यातलं माहितीपत्रक. मशीनने लिहिलं होतं, 'गोळी रिकाम्या पोटावर घ्या.' व्याकरण चोख. पण ही गोळी उंडाळ्याची म्हातारी घेणार आहे, तिच्या डोळ्यांपुढे पोटावर ठेवलेली गोळी येईल. मी 'अनशेपोटी' केलं. पलीकडून परत आलं: हा शब्द आमच्या यादीत नाही. 'उपाशीपोटी' वर तडजोड झाली, तीन मेल आणि दीड दिवसाने. मिळाले किती? एका शब्दाचे चाळीस पैसे.

तेव्हा 'भारतीय निर्धास्त आहेत' वाचलं की हसू येतं. माझ्यासारख्यांना कोणी प्रश्नावली देत नाही. आणि ज्यांच्या श्रमावर हे उभं राहिलं त्यांना तर नाहीच. जानेवारी २०२३ मध्ये टाइम मासिकाने बातमी दिली होती. चॅटजीपीटीने घाण बोलू नये म्हणून ती घाण वाचून तिच्यावर खुणा करायचं काम केनियात नैरोबीच्या मुलांनी केलं, तासाला दोन डॉलरपेक्षाही कमी पैशांत. त्यांना विचारा, उत्साह वाटतो की काळजी.

कालव्याकाठी, एक विचारू? त्या सभेत तुम्ही कोणत्या बाजूने मत दिलंत? ते लिहिलं नाहीत.

तोक्योचा तात्या | १९/११/२०२५, १३:०५

जपानची हजेरी लावतो. इथे आलं की सगळे एकच गोष्ट सांगतात: जपानी मुलं रोबोटची कार्टून बघत वाढतात, त्यांना यंत्राची भीती नाही. असेलही. पण भीती नसणं म्हणजे वापरणं नव्हे. इथल्या सरकारच्याच श्वेतपत्रिकेत आकडा आहे. २०२४ च्या अंकानुसार जनरेटिव्ह एआय कधीतरी वापरलंय असे जपानमध्ये ९.१ टक्के निघाले. तेव्हा चीनमध्ये ५६.३, अमेरिकेत ४६.३. पुढच्या वर्षी जपान २६.७ वर आला, चीन ८१.२ वर पोचला.

म्हणजे जो अमेरिकन काळजी करतो तो वापरतोय, आणि जो जपानी करत नाही तो वापरत नाही. माझ्या ऑफिसात एआय वापरायचं तर अर्ज आहे. त्यावर चार शिक्के लागतात. तिसऱ्या शिक्क्याचे साहेब मंगळवारी नसतात.

कायदा मात्र इथला जगात सर्वात ढिला समजला जातो. २०१८ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३०-४ आलं, २०१९ पासून लागू. संगणकाला शिकवण्यासाठी दुसऱ्याचं काम वापरायला त्याने बरीच मुभा दिली. तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. आता चित्रकारांना कळलंय की आपली चित्रं आधीच गिरणीत गेली. मार्च २०२५ मध्ये सगळं जग जिब्ली या इथल्या ॲनिमेशन स्टुडिओच्या थाटात स्वतःचे फोटो करत होतं, माझ्या सासूबाईंनी सोलापुरातून सत्यनारायणाच्या पूजेचा पाठवला. ऑक्टोबरमध्ये जपानी प्रकाशक-स्टुडिओंच्या संघटनेने ओपनएआयला पत्र धाडलं की आमचं काम न विचारता वापरू नका. त्या संघटनेत जिब्लीही आहे.

ऊसवाला | १९/११/२०२५, २०:५०

मी इंदापूर तालुक्यातला. आठ एकर ऊस. भीती वगैरे शहरातली चैन आहे असं म्हणणार नाही, पण माझं गणित सांगतो.

श्रावणात उसाला हुमणी लागली. मुळाशी उकरलं की इंग्रजी सीसारखी वळलेली पांढरी अळी. कृषी सहायक एक, गावं त्याच्याकडे पाच-सहा. तो यायचा तेव्हा येईल. राहिला कृषी सेवा केंद्रवाला. त्याला अळी दाखवली की तो आधी मागच्या मांडणीकडे बघतो, कोणता माल पडून आहे ते, मग औषध सांगतो. मी फोटो काढून मोबाइलला मराठीत बोलून विचारलं. त्याने हुमणी ओळखली, मेटारायझियम बुरशी शेणखतातून टाका म्हणाला, आणि पुढच्या साली वळवाचा पाऊस झाल्यावर बाभळी-कडुनिंबावरचे भुंगेरे रात्री गोळा करा म्हणून सांगितलं. आमचे आजोबा कंदील घेऊन हेच करायचे. एकरी प्रमाण मात्र त्याने दोनदा विचारल्यावर दोन वेगवेगळं सांगितलं. ते मी केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) फोन करून पक्कं केलं.

म्हणजे चुकतंय. पण दुकानदारासारखं शिल्लक माल खपवत नाही. हॉलंडच्या शेतकऱ्याला फोन केला की सल्लागार येत असेल, त्याच्यापुढे हे फिकं वाटणारच. माझ्यापुढे दुसरं होतं काय?

(जूनमध्ये राज्य सरकारने शेतीसाठी एआय धोरण आणलं, ५०० कोटींचं. आमच्याकडे अजून त्यातलं काही दिसलं नाही. दिसलं की लिहितो.)

मध्यमान | १९/११/२०२५, २१:३०

ऊसवाला, सर्वेक्षणाच्या अहवालात हे कधीच येत नाही. 'फायदा जास्त की तोटा' याचं उत्तर देताना माणूस एआयची तुलना कशाशी करतोय तेच आम्ही विचारत नाही. डच पालक तुलना करतात चांगल्या शिक्षिकेशी. तुम्ही तुलना करता रिकाम्या खुर्चीशी.

जर्सीकर | १९/११/२०२५, २१:५५

अमेरिकेचं सांगतो. इथे काळजी एकदम उसळली ती २०२३ ला. प्यूच्याच पाहण्यांत 'काळजी जास्त' म्हणणारे २०२१ मध्ये ३७ टक्के होते, २०२३ मध्ये ५२. त्याच वर्षी हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस संपावर होते, आणि नट-नट्या ११८ दिवस. मागण्या बऱ्याच होत्या, पण घराघरात पोचली ती एकच: आमचा चेहरा नि आमची लेखणी मशीनला देऊ नका. आजोबांचा मुद्दा इथे लागू पडतो बघा. हॉलिवूडवाल्यांकडे युनियन होती, म्हणून भीतीचं कलम झालं आणि करारात बसलं.

बाकी मध्यमवर्गाची भीती सरळ आहे. इथे नोकरी गेली की बहुतेकांचा आरोग्यविमाही जातो. आणि आम्हा एच-वन-बी व्हिसावाल्यांना नोकरी गेल्यापासून ६० दिवस. त्यात दुसरी शोधा नाहीतर चंबूगबाळं आवरा. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत या वर्षी आरतीनंतर तिघांनी मला रेझ्युमे दिले. प्रसादाच्या रांगेत.

तिरकस | १९/११/२०२५, २२:२०

चीनमध्ये ८३ टक्के 'छान' म्हणाले. तिथे 'छान नाही' म्हणून दाखवा बरं.

मध्यमान | १९/११/२०२५, २२:४८

ते आहेच, पण तेवढंच नाही. तिथल्या पन्नाशीच्या माणसाने सायकल ते बुलेट ट्रेन एका आयुष्यात पाहिलं आणि प्रत्येक यंत्राबरोबर पगार वाढलेला पाहिला. हॉलंडच्या माणसाने तसं पाहिलेलं नाही. शिवाय चीनमध्ये मोकाट सोडलंय असंही नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून एआयने बनवलेल्या मजकुरावर, चित्रांवर तशी खूण हवी असा नियम आहे. जूनमध्ये विद्यापीठ प्रवेशपरीक्षेच्या दिवसांत तर मोठ्या एआय ॲपनी फोटोतला प्रश्न सोडवून द्यायची सोयच बंद ठेवली होती. आपल्याकडे बारावीच्या परीक्षेत असं करायला सांगा बरं कोणी.

दक्षिण कोरियाचा तो १६ चा आकडाही घ्या. काळजी त्या २५ देशांत सर्वात कमी म्हणावी तर मार्च २०२५ मध्ये सरकारने शाळांत एआयची डिजिटल पाठ्यपुस्तकं आणली, आणि पालक-शिक्षकांनी इतका गदारोळ केला की ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जाच काढला, नुसतं पूरक साहित्य केलं. देशाबद्दल विचारलं तर काळजी नाही. पोराच्या दप्तरात आलं की आहे.

म्हणून माझं मत, आकडेवाल्याचं असूनही: राष्ट्रीय स्वभाव वगैरे काही नसतो. ज्याच्याकडे गमवायला काही आहे आणि ते बोलायला जागा आहे, तिथे भीती आकड्यात दिसते. नाहीतर ती असते, पण दिसत नाही.

खडूस आजोबा | गुरुवार, २०/११/२०२५, ०६:१५

प्यूचाच एक आकडा काल नातवाने दाखवला. एआयवर नीट नियंत्रण ठेवायला आपला देश समर्थ आहे असं मानणारे भारतात ८९ टक्के! ग्रीसमध्ये २२. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवर नीट नियंत्रण ठेवायला चेअरमन समर्थ आहेत असं मानणारे नऊ टक्के निघाले तर मी पेढे वाटीन. चेअरमन मीच आहे.

शब्दवेल्हाळ | २०/११/२०२५, १२:१०

भीती दिसत नाही असं कसं म्हणता? कोर्टात दिसते. अनिल कपूर २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टात गेले, अरिजित सिंग २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टात. आणि या वर्षी आशाताई! आशा भोसलेंचा आवाज मशीनने काढायला मुंबई हायकोर्टाने बंदी घातली. ज्या आवाजावर आपण मोठे झालो, त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली. माझी एक मैत्रीण मराठी डबिंग करते, मालिकांमधल्या सासवांचे आवाज. तिच्या आवाजाचे नमुने स्टुडिओत पडून आहेत. तिने कुठल्या हायकोर्टात जायचं?

पाणचट | २०/११/२०२५, १२:४०

यात सगळ्यात मोठं कारण कोणी लिहिलंच नाही. जिओवाल्यांना जेमिनी अठरा महिने फुकट, एअरटेलवाल्यांना पर्प्लेक्सिटी वर्षभर फुकट, ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो (एरवी पैसे मोजून मिळणारं) वर्षभर फुकट, असं यंदा २०२५ मध्ये वाटप झालं. फुकट ते पौष्टिक. अठरा महिन्यांनी बिल आलं की पाहणी पुन्हा घ्या.

तिरकस | २०/११/२०२५, १३:०२

पाणचट यांच्याशी सहमत. पहिल्यांदाच. तारीख लिहून ठेवा.

कालव्याकाठी | २०/११/२०२५, २३:२५

सगळ्यांचे आभार. तिरकस, तुमचा पहिला प्रतिसाद वाचून राग आला होता, मग नाशिकचा नळ आठवला आणि गेला.

शब्दवेल्हाळ, तुमच्या प्रश्नाला बगल देत होते, खरं सांगते. मी विरोधात मत दिलं. शेरे शिक्षिकेनेच लिहावेत. माझ्या मुलीबद्दल 'वर्गात मिसळते पण आधी दारात उभी राहून अंदाज घेते' हे वाक्य मागच्या वर्षी बाईंनी लिहिलं होतं. ते दारात उभं राहणं पाहिलेलं माणूसच लिहू शकतं.

सभेनंतर शाळेने लेखी म्हणणंही मागवलं होतं. माझं बोलायचं डच बरं आहे, पण लिहायचं म्हणजे अजून बाजारहाटीचं. शाळेला पत्र म्हणजे अदबीची भाषा हवी, नाहीतर 'परदेशी आईचं पत्र' म्हणून बाजूला पडतं. रात्री साडेअकराला मराठीत मुद्दे लिहिले आणि चॅटजीपीटीकडून डचमध्ये करून घेतले. पत्र फार सुरेख झालं. आज मुख्याध्यापकांचं उत्तर आलंय, आलेल्या पत्रांमध्ये सर्वात नेमकं माझं होतं म्हणून. पुढच्या सभेत ते वाचून दाखवायचं ठरलंय.

खडूस आजोबा | शुक्रवार, २१/११/२०२५, ०६:१०

वाचू दे. त्या मुख्याध्यापकांचं उत्तर मात्र नीट बघून घे, ते कोणी लिहिलंय.